कामठीचे पेन्शनर पंतोजी

गेल्या हिवाळ्यांत एका रविवारीं कामठीस निवृत्त शिक्षकांचें एक दिवसाचें संमेलन भरलें होतें. ज्ञान आणि आरोग्य अशा दुहेरी हेतूनें तें बोलावलेलें होतें. म्हणजे सकाळीं रक्तदाब, रक्तांतील साखर व डोळे यांची तपासणी, मग व्याख्यानें, दुपारीं पंगत आणि पंगतीनंतर पुन्हां व्याख्यानें. पंगतीनंतरचें व्याख्यान जागेपणीं ऐकतां येणें हीच आरोग्याची खरी परीक्षा, असें माझ्या शेजारचे एक गृहस्थ म्हणाले. मास्तर लोकांना रांग लावण्याची संवय असते, रांगेंत उभें राहण्याची नसते. त्यामुळें रक्तदाबाच्या टेबलापुढें पहिला अर्धा तास प्रत्येकजण दुसऱ्याला सरळ रांगेंत उभा करीत होता.

माझ्या पुढें एक साठीच्या आंतले गुरुजी होते. त्यांच्या दंडाला पट्टा बांधतां बांधतां तरुण डॉक्टर सहज म्हणाले, "तुम्हां शिक्षकांचें बरें आहे, गुरुजी. शाळा सुटली तरी पगार चालूच." गुरुजी कांहीं बोलले नाहींत. पट्टा सुटल्यावर त्यांनीं बाही खालीं केली, बटण लावलें आणि ते बाजूला झाले. पुढें पंगतींत ते माझ्या शेजारीं आले तेव्हां कळलें कीं, त्यांना पेन्शन नाहीं. अनेक वर्षें विनाअनुदानित शाळेंत पाव-अर्ध्या पगारावर शिकवून ते निवृत्त झाले होते आणि आतां घरीं चौथी-पांचवीच्या मुलांच्या शिकवण्या घेत होते. आणि मी? जुन्या अकरावीचा मॅट्रिक, जिल्हा परिषदेच्या शाळेंतून अठ्ठावन्नाव्या वर्षीं बाहेर पडलेला, दरमहा पेन्शन घेणारा. दोघांनींही जन्मभर एकच काम केलेलें. हा भेद कोठून आला, आणि 'निवृत्त शिक्षक' नांवाचा मनुष्य आपल्याकडे केव्हां जन्मास आला, हें शोधण्याची इच्छा मला त्या पंगतींत झाली. तो शोध आज आपल्यापुढें मांडतों. त्यांतला बराचसा भाग मला कामठीच्याच मातींत सांपडला.

आपल्या पणजोबांच्या काळचा पंतोजी कधींच निवृत्त होत नसे. वाड्याच्या ओसरीवर किंवा देवळाच्या सभामंडपांत त्याची शाळा भरे. धुळपाटीवर अक्षरें गिरवावयाचीं, मोडीचें वळण घोटावयाचें, पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी एका सुरांत म्हणावयाची, असा क्रम असे. वेतन कांहीं धान्याचें, कांहीं रोख, सणावारीं शिधा आणि एखाद्या सधन घरीं लग्न निघालें तर पागोटें. डोळ्यांना दिसतें आहे आणि गळा चालतो आहे तोंवर शाळा. पुढें मुलगा किंवा थोरला विद्यार्थी ती चालवी व पंतोजी ओसरीच्या कोपऱ्यांत सरके. गांवानें सांभाळलें तर सांभाळलें. हें चित्र रंगवून सांगण्याची आपल्याकडे फार हौस आहे. परंतु तें रंगविणारे बहुधा पंतोजी नव्हते, त्यांचे विद्यार्थी होते. म्हाताऱ्या पंतोजीला रात्रीं कोण काय वाढीत असे, हें कोणी लिहून ठेवलेलें माझ्या वाचनांत नाहीं.

आतां कामठीकडे वळूं. सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ मध्यें झाली आणि नागपूरकर भोसल्यांच्या दौलतीवर इंग्रजांचा पहारा बसला. चार वर्षांनीं, १८२१ सालीं, नागपुरापासून सुमारें दहा मैलांवर कन्हान नदीच्या उजव्या तीरावर त्यांनीं लष्करी छावणी वसविली. तीच कामठी. 'कॅम्प' या शब्दावरून हें नांव पडलें असें पुष्कळजण सांगतात. आम्हां मास्तरांना मात्र मराठींतला 'कामठी' हा शब्द आठवतो, म्हणजे बांबूची चीप. आणि बांबूच्या चिपेशीं आमचा संबंध काय होता, तें माझ्या वयाच्या श्रोत्यांना सांगण्याची गरज नाहीं.

छावणीबरोबर या गांवांत दोन नव्या वस्तू आल्या. एक बिगुलाच्या ठोक्यानें चालणारी वेळ आणि दुसरी पेन्शन. ठराविक मुदतीच्या चाकरीनंतर घरीं बसावें आणि तरीही सरकारांतून पैसे यावेत, ही कल्पना सामान्य माणसाला प्रथम दिसली ती पलटणींतून परतलेल्या शिपायाच्या रूपानें. पलटणींत शाळा असत, त्या शाळांत मास्तर असत आणि त्या मास्तरांनाही पेन्शन असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे असेच लष्करी शाळेंतील मुख्याध्यापक होते. १८९१ सालीं बाबासाहेबांचा जन्म झाला तो महूच्या छावणींत. पुढें रामजी पेन्शनींत निघाले, सातारा पाहून मुंबईस आले, आणि चाळीच्या खोलींत मध्यरात्र उलटतांच मुलाला उठवून अभ्यासाला बसवूं लागले. पेन्शन तुटपुंजी होती. परंतु ती होती म्हणून पुस्तकें आलीं. निवृत्त शिक्षकानें उरलेल्या वेळाचें काय करावें, याचें याहून मोठें उदाहरण मला ठाऊक नाहीं.

कामठी-नागपूरकडे शिकविणाऱ्यांना मात्र फारसा उतारवयाचा लाभ झालेला दिसत नाहीं. स्कॉटलंडहून १८४५ मध्यें आलेले रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनीं या भागांत शाळा काढल्या आणि फावल्या वेळीं इथले खडक तपासले. कामठीचा वालुकाश्म भूगर्भशास्त्राच्या पुस्तकांत 'कामठी' याच नांवानें प्रसिद्ध आहे, आणि त्यांत पंचवीस कोटी वर्षांपूर्वींच्या झाडांच्या पानांचे ठसे सांपडतात. हिस्लॉप १८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाटाजवळ पुरानें भरलेला ओढा ओलांडतांना बुडाले. त्यांचें सेहेचाळिसावें वर्षही पुरें व्हावयाचें होतें.

पण मला ज्यांच्याविषयीं मुख्यतः सांगावयाचें आहे ते कामठीचेच पुत्र. हरदास लक्ष्मणराव नगराळे, म्हणजेच बाबू हरदास एल. एन., यांचा जन्म कामठीस ६ जानेवारी १९०४ रोजीं झाला. वडील रेल्वेंत कारकून होते. नागपूरच्या पटवर्धन हायस्कुलांतून हरदास मॅट्रिक झाले. अस्पृश्य मानलेल्या घरांतील मुलानें त्या काळीं मॅट्रिक होणें म्हणजे काय, हें आज पदव्यांच्या गर्दींत कळणें कठीण आहे. नागपुरांत आर्यसमाजाच्या एका स्वामींकडे ते संस्कृतही शिकले. विशी गाठण्याच्या सुमारासच त्यांनीं 'महारठ्ठा' नांवाचें साप्ताहिक काढलें. १९२७ च्या सुमारास त्यांनीं कामठींत रात्रीच्या शाळा उघडल्या आणि संत चोखामेळ्याच्या नांवानें वाचनालय सुरू केलें. त्या शाळांतून एका वेळीं ८६ मुलें व २२ मुली शिकत असल्याचें नमूद आहे.

बावीस मुली! श्रोतेहो, हा आंकडा मला थांबवितो. मीं स्वतः १९७० नंतरच्या दशकांत खेड्यांत नोकरी धरली, तेव्हां सातवीच्या वर्गांत मुली आणण्यासाठीं घरोघर हिंडलों आहें. हरदासांनीं त्याआधीं पन्नास वर्षें, कंदिलाच्या उजेडांत, ज्या वस्तीला गांवाच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतें त्या वस्तींतील बावीस मुली पाटीपुढें बसविल्या. रात्रशाळेंत शिकविण्याचा अनुभव ज्यांना आहे त्यांना ठाऊक असेल कीं, तेथें मुलांना शिकविण्यापेक्षां जागें ठेवणें अधिक अवघड असतें.

कामठीच्या गोरगरिबांचा एक मोठा धंदा विड्या वळण्याचा. मांडीवर सूप घ्यावयाचें, तेंदूचें पान कात्रीनें कापावयाचें, त्यांत चिमूटभर जर्दा घालून वळावयाचें, दोऱ्यानें बांधावयाचें. दिवसभर पाठ वांकलेली आणि नाकांत तंबाखूची भुकटी. मजुरी हजारावर, आणि मालकाच्या माणसानें 'छाट' म्हणून बाजूला टाकलेल्या विड्यांचे पैसे गेलेच. हरदासांनीं या कामगारांची संघटना बांधली व तिला मध्यप्रांतभर नेलें. स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते १९३७ सालीं नागपूर-कामठी भागांतून प्रांतिक कायदेमंडळावर निवडून आले. आज देशभर लोक एकमेकांस 'जय भीम' म्हणून भेटतात. तें अभिवादन रूढ करण्याचें श्रेय याच कामठीकराला दिलें जातें. पुष्कळ लोक तेवढेंच जाणतात. त्यामागची रात्रशाळा त्यांना ठाऊक नसते.

१२ जानेवारी १९३९ रोजीं हरदास क्षयानें वारले. पस्तिसावा वाढदिवस होऊन सहा दिवस झाले होते. कन्हानच्या कांठीं त्यांचें स्मारक आहे, आणि त्या दिवसांत तेथें लोक जमतात.

रॉबर्ट कॉख यांनीं क्षयाचा जंतु १८८२ सालीं जगाला दाखविला होता. शत्रूचें नांव ठाऊक असून हत्यार नाहीं, अशी सत्तावन्न वर्षें गेलीं. जंतूला फावतें तें कोंदट घरांत, अपुऱ्या अन्नांत आणि जागरणांत. आणि गरिबांच्या वस्तींत रात्रशाळा चालविणाऱ्याला या तिन्हींपासून दूर राहतां येत नाहीं. क्षयावर गुणकारी ठरलेलें पहिलें औषध, स्ट्रेप्टोमायसिन, अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेंत शॅट्झ या तरुण संशोधकाला सांपडलें तें १९४३ मध्यें. हरदासांना जाऊन अवघीं चार वर्षें झालीं होतीं. पुढें १९५६ पासून मद्रासच्या केंद्रानें प्रयोग करून दाखविलें कीं, गरीब रोग्याला आरोग्यधामांत न ठेवतां घरीं राहून नियमित औषध दिलें तरी तितकाच गुण येतो. हा शोध आपल्या देशांतला आणि गरिबाच्या घरांतला, म्हणून मला त्याचा विशेष अभिमान वाटतो.

हें सारें आरोग्यपुराण सांगण्याचें कारण असें. १९५१ च्या सुमारास हिंदुस्थानांत जन्मलेल्या माणसाचें सरासरी आयुष्य सुमारें बत्तीस वर्षें होतें. सरासरी ही फसवी असते. लहान मुलें फार दगावत, म्हणून आंकडा इतका खालीं. तरीही अठ्ठावन्नाव्या वर्षीं निवृत्ति हा नियम ज्या काळीं झाला, त्या काळीं तेथवर पोहोंचणारे थोडे आणि पोहोंचून पंधरा-वीस वर्षें हिंडणारे त्याहून थोडे होते. आज सरासरी सत्तरीच्या घरांत आहे. कामठीच्या त्या रांगेंत एकूणनव्वद वर्षांचे एक गुरुजी चष्म्यावांचून तक्ता वाचीत होते. निवृत्त शिक्षकांचें संमेलन भरूं शकतें, याचें पहिलें श्रेय शिक्षणखात्याला नाहीं. तें देवीची लस, स्वच्छ पाणी आणि औषधें यांना आहे.

दुसरें श्रेय पेन्शनला, आणि तिचा इतिहास मोठा विषम आहे. युरोपांत बिस्मार्कनें १८८९ मध्यें वृद्धांसाठीं विम्याचा कायदा केला, तो सत्तर वर्षांवरच्यांसाठीं. इंग्लंडांत प्राथमिक शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा १८९८ चा. आपल्याकडे सरकारी शाळेंतला मास्तर सरकारी नोकर म्हणून पेन्शन घेई; खासगी शाळेंतल्याला मिळाला तर भविष्यनिर्वाह निधि, तोही संस्थेची ऐपत असेल त्या मानानें. शाळा त्यागाच्या म्हणून काढलेल्या. मास्तरांच्या म्हातारपणाचा विचार करणें हें त्या त्यागाला कमीपणा आणणारें वाटे. महाराष्ट्रांत अनुदानित खासगी माध्यमिक शाळांतील शिक्षकांना पेन्शन लागू झाली ती १ एप्रिल १९६६ पासून. शासनाचा निर्णय मात्र १९६८ च्या नोव्हेंबरांत निघाला आणि मागील तारखेपासून अंमलांत आला. त्याच १९६६ च्या ५ ऑक्टोबरला पॅरिस येथें निरनिराळ्या राष्ट्रांच्या परिषदेनें शिक्षकांच्या दर्जाविषयीं शिफारशी मंजूर केल्या आणि त्यांत वृद्धापकाळाच्या तरतुदीचाही उल्लेख केला. जागतिक शिक्षक दिन ५ ऑक्टोबरला पाळतात, तो यावरून.

पेन्शन ही कृपा कीं हक्क, हा प्रश्न सुटला १७ डिसेंबर १९८२ रोजीं. डी. एस. नकारा नांवाच्या निवृत्त अधिकाऱ्याच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाच्या पांच न्यायमूर्तींनीं निकाल दिला कीं, पेन्शन हें मालकानें मर्जीनें दिलेलें बक्षीस नव्हे. तें केलेल्या सेवेच्या पोटीं येतें, आणि अमुक तारखेच्या आधीं निवृत्त झालेला व नंतरचा असा मनमानी भेद पेन्शनरांत करतां येणार नाहीं. त्या वेळीं सरन्यायाधीश आपले यशवंतराव चंद्रचूड होते. पेन्शनर लोक म्हणून १७ डिसेंबर हा आपला सण मानतात.

परंतु तारखेचा भेद दुसऱ्या दारानें आंत आला. महाराष्ट्रांत १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरींत लागलेल्यांना जुनी पेन्शन नाहीं, अंशदानाची नवी योजना आहे. आणि ज्यांची नेमणूक त्याआधींची, परंतु शाळा त्या दिवशीं पूर्ण अनुदानावर नव्हती, असे हजारों शिक्षक कोणत्या बाजूस, याचा झगडा कचेऱ्यांतून व न्यायालयांतून वर्षानुवर्षें चालला. मार्च २०२३ मध्यें जुन्या पेन्शनसाठीं राज्यभर संप झाला, तो आपल्या स्मरणांत असेलच. माझ्या शेजारीं जेवणारे गुरुजी या तारखेच्या पलीकडच्या कांठावर उभे होते. पोहणें आम्हां दोघांनाही सारखेंच येत होतें.

पेन्शनर सुखी, हें मानण्यांतही थोडी गफलत आहे. दर नोव्हेंबरांत आम्हांला हयातीचा दाखला द्यावा लागतो. ज्यानें छत्तीस वर्षें दुसऱ्यांची हजेरी घेतली त्यानें बँकेच्या खिडकीशीं उभें राहून 'मी जिवंत आहें' असें सांगावयाचें! २०१४ पासून बोटाच्या ठशावर घरबसल्याही हा दाखला देतां येतो. पण खडूनें झिजलेल्या म्हाताऱ्या बोटांचा ठसा यंत्राला कित्येकदां ओळखूं येत नाहीं, आणि मग पुन्हां खिडकी आहेच.

संमेलनांत दुपारीं कोणी तरी महर्षि कर्व्यांचें उदाहरण दिलें. तें देण्याची रूढिच आहे, आणि मला तें थोडें भीतिदायकही वाटतें. धोंडो केशव कर्वे १९१४ मध्यें फर्ग्युसन कॉलेजांतून निवृत्त झाले. १९१६ मध्यें त्यांनीं महिला विद्यापीठ काढलें. एकाहत्तराव्या वर्षीं जगप्रवासाला निघाले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठीं मंडळ स्थापून वर्गणीसाठीं दारोदार फिरले. शंभराव्या वर्षीं भारतरत्न झाले आणि १९६२ मध्यें एकशेचौथ्या वर्षीं गेले. अशीं माणसें नमस्कारासाठीं असतात, अनुकरणासाठीं सर्वांना पेलतीलच असें नाहीं. गुडघे दुखणाऱ्या साध्या मास्तराला विद्यापीठ काढावयाचें नसतें. त्याला बहुतेक वेळां सकाळीं दहा वाजतां कोठें तरी जावयाचें असतें, आणि जाण्यासारखी जागा नसते, हें त्याचें दुखणें असतें. रक्तदाबाच्या पट्ट्यांत तें सांपडत नाहीं.

फ्रान्समध्यें तुलूज येथें १९७३ सालीं हें दुखणें ओळखून पिएर व्हेला या प्राध्यापकानें निवृत्तांसाठीं विद्यापीठाचे वर्ग उघडले. परीक्षा नाहीं, पदवी नाहीं, नुसतें शिकावयाचें. ती कल्पना पुढें अनेक देशांत गेली. इंग्लंडांत तिचें रूप पालटलें: तेथें प्राध्यापक लागेना, वृद्धांनींच एकमेकांना शिकवावें असें ठरलें. मला हें दुसरें रूप अधिक आवडलें, कारण त्यांत खर्च नाहीं आणि कोणी कायमचा व्यासपीठावर राहत नाहीं. मास्तरांनीं पुन्हां विद्यार्थी होणें कामठीला तर नवें नाहींच. राष्ट्रीय छात्रसेनेची अधिकारी-शाळा १९५७ पासून येथें आहे; देशभरच्या शाळा-कॉलेजांतले शिक्षक तेथें येतात, पहाटे कवायतीला उभे राहतात आणि पायांतलें पाऊल चुकलें तर वर्गांतल्या पोरासारखें बोलणें खातात.

आमच्या संमेलनांत संध्याकाळीं दोन गोष्टी झाल्या. पेन्शन नसलेल्या शिक्षकांच्या बाजूनें एक अर्ज लिहिला गेला. लिहिणारे अर्थातच व्याकरणाचे कट्टे होते, त्यामुळें एका अनुस्वारावरून वीस मिनिटें वाद झाला. त्यावर पेन्शन असलेल्यांनींही सह्या केल्या. एक-दोघांनीं केल्या नाहींत, तेंही सांगितलें पाहिजे.

दुसरी गोष्ट भाषेची. कामठी हें छावणीचें आणि विणकरांचें गांव. मराठी, हिंदी, उर्दू अशा तिन्ही शाळांचे मास्तर त्या मांडवांत होते. जन्मभर एका गांवांत राहून आम्हीं एकमेकांचीं क्रमिक पुस्तकें कधीं उघडलीं नव्हतीं. उर्दू शाळेंतून निवृत्त झालेले एक मास्टरसाहेब उठले आणि म्हणाले कीं, दर बुधवारीं संध्याकाळीं ते अलिफ-बे शिकवावयास तयार आहेत. मोबदल्यांत त्यांना कोणी मोडी वाचावयास शिकवावें, कारण त्यांच्या घरीं आजोबांच्या वेळचे जमिनीचे कागद मोडींत पडून आहेत. मोडी येणारा सबंध मांडवांत एकच निघाला. ते माझ्या शेजारचे, पेन्शन नसलेले गुरुजी.

त्यांनीं प्रथम शिकवणीच्या वेळेची अडचण सांगितली, मग वेळ बदलून घेतली. उर्दूच्या यादींत अकरा नांवें लागलीं, त्यांत माझें चौथें. पहिल्या बुधवारीं मी नातवाची पाटी मागून घेऊन गेलों. मास्टरसाहेबांनीं माझा 'बे' दोनदां पुसावयास लावला.